मंदीत सरकारने आपल्यासाठी काय केलं? चाळीचा हिशेब असा मांडा

दोनशे पानी, आडव्या रेघांची, जाड पुठ्ठ्याची वही घ्या. मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर नंतर भरता येईल, पण सुरुवात कागदावरच करा. ज्या बायकांकडून माहिती घ्यायची आहे त्यांना तुम्ही काय लिहिताय ते दिसलं पाहिजे. मी वही दोघींच्या मध्ये उघडी ठेवून लिहिते. मग समोरून आवाज येतो, "ताई, तिथं दोनशे नाही, अडीचशे लिहा." खरा आकडा असाच हाती लागतो.

मी लालबागला चाळीत राहते. एकतीस वर्षं एका पतपेढीत हिशेबाचं काम केलं, २०१८ मध्ये निवृत्त झाले. २०२१ च्या गणपतीआधी मंडळाच्या मुलांनी स्मरणिकेसाठी एक पान मागितलं. विषय होता, टाळेबंदीत आपल्या चाळीला सरकारकडून काय मिळालं. एका संध्याकाळचं काम वाटलं म्हणून हो म्हटलं आणि गॅलरीत चौघांना विचारलं. दोघे म्हणाले, सरकार होतं म्हणून जगलो. दोघे म्हणाले, फुटकी कवडी मिळाली नाही. चौघेही एकाच जिन्याने चढणारे, एकाच रेशन दुकानाच्या रांगेत उभे राहणारे. ते पान त्या वर्षी छापलं गेलं नाही. मला अकरा महिने लागले. चोवीस खोल्यांपैकी एकोणीस खोल्यांचा हिशेब मिळाला आणि त्या काळात माझं स्वतःचं मत दोनदा बदललं. तुम्हाला तुमच्या चाळीत, सोसायटीत, वस्तीत किंवा नुसत्या नातेवाइकांत हे करून बघायचं असेल, तर मी केलं तसं सांगते.

विचारायचं कसं

"सरकारची मदत झाली का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला मिळणारं उत्तर पक्षाचं असतं, घराचं नसतं. सणावरून सुरुवात करा. टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, गुढीपाडव्याचा होता. "पाडव्याला घरात रोख किती होते?" असं विचारलं की बाई डोळे मिटून सांगते, कारण त्या दिवशी श्रीखंड आणलं नव्हतं हे तिला आठवतं. वटपौर्णिमा ५ जूनला आली. गणपती २२ ऑगस्टला बसले. दसरा २५ ऑक्टोबरला होता. "गणपतीत वाण्याची उधारी किती झाली होती?" "दसऱ्याला पाटल्या घरात होत्या की ठेवलेल्या?" असे प्रश्न तयार करून न्या. महिना विचारला तर लोक गोंधळतात, सण विचारला तर आठवडासुद्धा बरोबर सांगतात.

दुपारी दोन ते चार ही वेळ चांगली. घरातले पुरुष समोर असले की आकडे गोल होऊ लागतात, पाच हजार, दहा हजार. बाईकडून आकडा चार हजार तीनशे असा येतो. पुरुषांना भेटायचं ते कामाबद्दल विचारायला, आणि तेही एकेकट्याला.

आणि लोकल. मुंबईत हा हिशेब लोकलशिवाय मांडता येत नाही. २२ मार्चच्या रात्रीपासून ती सगळ्यांसाठी बंद झाली. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. बायकांना ठरावीक वेळांत प्रवास करायला मिळाला तो २१ ऑक्टोबरला, नवरात्रात. सर्वांसाठी, तेही वेळा ठरवून, १ फेब्रुवारी २०२१ ला. आमच्या सहा आणि अकरा नंबरच्या दोघी वहिनी घाटकोपरला एकाच कपड्याच्या कारखान्यात धागे कापायला जायच्या. कारखाना जुलैत उघडला. दोघी कामावर गेल्या नवरात्रानंतर. म्हणजे काम होतं, हात होते, मधला रस्ता नव्हता. सरकारने काय दिलं हे लिहिताना सरकारने काय थांबवलं हेही त्याच पानावर लिहा. थांबवणं चूक होतं की बरोबर हा इथला मुद्दा नाही. आजार खरा होता, आमच्याच जिन्यातली दोन माणसं गेली. पण तीन महिने कामाविना बसणं ही त्या घराने दिलेली किंमत आहे आणि ती वहीत यायला हवी.

कोणते कागद मागायचे

बँकेचं पासबुक, भरून घेतलेलं. रेशन कार्ड, त्यावरच्या शिक्क्यांसकट. पीएफ असेल तर त्याचं पासबुक. सिलिंडरच्या पावत्या. सोनं ठेवलं असेल तर तारणाची चिठ्ठी. वाण्याच्या उधारीची वही, वाणी दाखवत असेल तर. शाळेच्या फीच्या पावत्या. मोबाइलमधले बँकेचे जुने मेसेज, जे बहुतेकांनी पुसलेले असतात पण म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये सापडतात.

एक सावधगिरी. धान्य उचलल्याची ऑनलाइन नोंद दिसते, ती बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या महिन्यांत संसर्गाच्या भीतीने कार्डधारकाऐवजी दुकानदाराचा अंगठा चालत होता. त्यामुळे नोंद आहे म्हणजे धान्य घरात आलं असं धरता येत नाही. एका खोलीच्या बाबतीत नोंद पंचवीस किलोची होती आणि घरात आले होते अठरा. दुकान कुठलं ते मी लिहिलेलं नाही, तुम्हीही लिहू नका. तुम्हाला हिशेब मांडायचा आहे, भांडण नाही. पण वहीत अठराच लिहा.

तीन रंगांची पेनं

आता मुख्य काम. मिळालेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद तीनपैकी एका रंगात करायची. जे परत द्यायचं नाही ते हिरव्या पेनाने. जे परत फेडायचं आहे ते लाल पेनाने. जे मुळात त्या माणसाचंच होतं ते निळ्या पेनाने. मी पतपेढीत आयुष्य काढलेली बाई आहे, जमा आणि कर्ज यांची गल्लत मला सहन होत नाही. आणि टाळेबंदीतल्या मदतीच्या बातम्यांत नेमकी हीच गल्लत होती. १२ मे २०२० ला २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात हिरवं किती, लाल किती, हे तेव्हा आमच्या जिन्यात कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

उदाहरणं देते, म्हणजे तुम्हाला रंग ठरवणं सोपं जाईल.

प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेचं धान्य, माणशी महिना ५ किलो फुकट, एप्रिल ते जून जाहीर झालं आणि पुढे नोव्हेंबरपर्यंत वाढलं. शुद्ध हिरवं. पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो, वाण्याच्या भावाने महिन्याला हजाराच्या आसपास, आणि हे नेहमीच्या रेशनच्या वर. जनधन खात्यावर बायकांना महिना ५०० रुपये, तीन महिने. हिरवं. शिवभोजन थाळी दहा रुपयांची पाच रुपयांना झाली, पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये फुकट. हिरवं. पण ती घरातल्या पोरांना आणायला कुणी जात नव्हतं, लाज वाटायची. वहीत ती दोनच घरांत आहे.

आता पीएफ. २८ मार्च २०२० पासून लोकांना पीएफमधून तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतलं जे कमी असेल ते काढता येऊ लागलं. नऊ नंबरचे भाऊ अजूनही म्हणतात, "सरकारने मला बेचाळीस हजार दिले." मी त्यांच्यासमोर निळ्या पेनाने लिहिलं. त्यांचेच पैसे, त्यांच्याच म्हातारपणातले. मे ते जुलै पीएफची कपात १२ वरून १० टक्क्यांवर आणली, तेव्हाही हातात पगार थोडा जास्त आला. तोही निळा. पैसे काढण्याची परवानगी वेळेवर मिळाली ही मोठी सोय होती, हे मी मान्य करते. सोय वेगळ्या रकान्यात लिहिता येते. बेचाळीस हजार मात्र हिरवे होत नाहीत.

कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत, रिझर्व्ह बँकेने मार्च ते मे दिली, मग ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. पंधरा नंबरच्या घरात तेव्हा २ लाख रुपये कर्ज बाकी होतं, समजा १२ टक्क्यांनी. सहा महिने हप्ता थांबला पण व्याज थांबलं नाही. साधं व्याज १२,००० रुपये होतं, चक्रवाढ धरलं तर १२,३०४. पुढे सरकारने छोट्या कर्जांवरचं व्याजावरचं व्याज परत केलं, तेव्हा टीव्हीवर दिवसभर तीच बातमी होती. या घरात त्याचे ३०४ रुपये आले. म्हणून एकाच ओळीत दोन रंग येतात: १२,००० लाल, ३०४ हिरवे. हा हिशेब मी त्या घरातल्या मुलाला पाटीवर करायला लावला. तो दहावीत होता, चक्रवाढ व्याज नुकतंच शिकला होता.

फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी १ जून २०२० ला आली, १०,००० रुपये. व्याजात सूट, पण कर्जच. लाल. छोट्या धंद्यांसाठी सरकारी हमीवर बिनतारण कर्ज आलं, ते मात्र आधीच्या कर्जाच्या २० टक्के मिळायचं. म्हणजे ज्याने आयुष्यात कुणाचं कर्ज घेतलं नाही त्याला शून्य. आमचे दोन नंबरचे शिलाईवाले काका असेच. चाळीस वर्षं मशीन चालवलं, उधार म्हणून सुतळीचा तोडा घेतला नाही. त्यांच्या पानावर त्या योजनेपुढे मी आडवी रेघ मारली तेव्हा ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

आणि सोनं. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

सोन्याची ओळ

माझी आजी खटाव तालुक्यातली, साताऱ्याची. तिच्याकडे पुतळ्यांची माळ होती, ती १९३२ च्या सुमारास विकली गेली, एवढंच आमच्या घरात सांगितलं जायचं. का विकली ते मला नोकरीत असताना दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात वाचून कळलं. १९२९ नंतर जगभर मंदी आली. आपल्याकडे शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, पण शेतसारा रोख रकमेत ठरलेला, सावकाराचं व्याज रोख रकमेत ठरलेलं. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे पौंडाची किंमत सोन्याशी बांधून ठेवणं, सोडला. रुपया पौंडाला १८ पेन्सच्या दराने बांधलेला राहिला आणि सोन्याचा भाव वर गेला. खेड्यापाड्यांतल्या बायकांचे दागिने सोनाराकडून झवेरी बाजारात आणि तिथून बोटीने परदेशात जाऊ लागले. सरकारच्या दृष्टीने हे सोयीचं होतं, कारण त्यातून इंग्लंडची देणी भागत होती. आजीच्या दृष्टीने माळ गेली. एकच सोनं दोन वह्यांमध्ये दोन वेगळ्या बाजूंना लिहिलेलं आहे.

म्हणून मी चाळीत सोन्याची वेगळी ओळ केली. ६ ऑगस्ट २०२० ला रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या तारणावर किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्के कर्ज द्यायला बँकांना परवानगी दिली, ३१ मार्च २०२१ पर्यंत. सवलत म्हणूनच ती जाहीर झाली. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला छप्पन हजारांच्या आसपास होतं. अकरा नंबरच्या वहिनींच्या पाटल्या दोन तोळ्यांच्या, म्हणजे ढोबळ वीस ग्रॅम. शुद्ध सोनं धरलं तर किंमत १,१२,०००, आणि ९० टक्के म्हणजे १,००,८००. मार्च २०२१ मध्ये भाव पंचेचाळीस हजारांच्या आसपास उतरला. त्याच पाटल्या ९०,००० च्या झाल्या आणि डोक्यावर कर्ज त्याहून जास्त. पूर्वीच्या ७५ टक्क्यांत कर्ज ८४,००० मिळालं असतं आणि भाव पडूनही पाटल्या कर्जापेक्षा भारी राहिल्या असत्या. वहिनींनी सुदैवाने सगळी रक्कम उचलली नव्हती. पण पतपेढीत बसून मी हे आयुष्यभर पाहिलं आहे: अडलेल्या माणसाला जास्त कर्ज घेऊ देणं दिसायला मदतीसारखंच असतं. ही ओळ लाल पेनाने लिहा, आणि सोडवून आणल्याची तारीख समोर रिकामी ठेवा.

दोन तारखा

प्रत्येक नोंदीला दोन तारखा लागतात, जाहीर झाल्याची आणि हातात आल्याची. पहिली वर्तमानपत्रात मिळते, दुसरी घरातच. जनधनचे पहिले ५०० रुपये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमा झाले आणि गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस नेमून दिले होते. व्यवस्था चांगली होती. पण आमच्या एका मावशींचं खातं कित्येक महिने वापरात नसल्याने बंद पडलं होतं. ते चालू करायला फॉर्म, फोटो, आणि फोटो काढायला दुकान उघडं हवं. त्यांच्या हातात पैसे आले वटपौर्णिमेनंतर. तोवर वाण्याने उधारी बंद केली होती. दोन तारखांमधले दिवस मोजा आणि त्या दिवसांत घर कशावर चाललं ते विचारा. माझ्या वहीत त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द "शेजारी" आहे. तांदूळ, गव्हाचं पीठ, चहापत्ती, एकदा तापाची गोळी.

यादीत नसलेली माणसं

मदत यादीवरून जाते. म्हणून यादी कशी झाली ते समजून घ्या. रेशन कार्डाचे तीन रंग, पिवळं, केशरी, पांढरं, सगळ्यांना माहीत असतात. पण केशरी कार्डातही दोन प्रकार आहेत. शहरात वार्षिक उत्पन्न ५९,००० पर्यंत असेल तर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का मिळतो, त्याच्यावर एक लाखापर्यंत नुसतं केशरी. महिन्याला पाच हजार मिळवणारं घर त्या ५९,००० च्या बाहेर पडतं, हे गणित करून बघा. नुसत्या केशरीवाल्यांना राज्य सरकारने मे आणि जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला. पाच माणसांचे २४० रुपये. स्वस्त, पण फुकट नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत राज्याने घरकामगार, बांधकाम मजूर, फेरीवाले आणि रिक्षावाले यांना १,५०० रुपये जाहीर केले. त्या प्रत्येक शब्दाच्या आधी "नोंदणीकृत" किंवा "परवानाधारक" असं होतं. आमच्या चाळीत घरकामाला जाणाऱ्या सहा जणी. नोंदणी एकीची.

आणि चौदा नंबर. तिथे बॅगांच्या कारखान्यातले पाच मुलगे राहायचे, भाडेकराराशिवाय, रेशन कार्ड गावाकडे. श्रमिक गाड्या १ मे पासून सुटल्या, त्यांतल्या एका गाडीने ते मेच्या मध्यात गेले. त्यांचं पान माझ्याकडे कोरं होतं, कारण कागद नव्हता आणि विचारायला माणूस नव्हता. कोरं पान फाडू नका. आम्ही चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, खालच्या खानावळीच्या बाईंना विचारलं. त्यांच्याकडे मुलांची उधारी लिहिलेली होती, ११ मे पर्यंतची. तेवढीच नोंद केली. एका सरकारी निर्णयाने किती जण वाचले हे मोजताना, जे मोजायला जागेवर उरलेच नाहीत ते हिशेबातून आपोआप गळतात.

पैसा आला कुठून

सात नंबरची मुलगी कलिन्याला अर्थशास्त्रात एम.ए. करते. माझं काम बघून ती एक दिवस म्हणाली, "आजी, तुझ्या वहीत घेणारे आहेत, देणारे कुठे आहेत?" मग तिने मला अमेरिकेच्या मंदीतली एक गोष्ट सांगितली. तिथे विल्यम ग्रॅहम समनर नावाच्या प्राध्यापकांनी १८८३ मध्ये "विसरलेला माणूस" कोण ते सांगितलं होतं: दोन माणसं मिळून तिसऱ्या गरजवंताला मदत करायचं ठरवतात आणि खर्च चौथ्यावर टाकतात, तो निमूट भरणारा चौथा. १९३२ च्या एप्रिलमध्ये, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनी रेडिओवर तेच शब्द वापरले, पण त्यांचा विसरलेला माणूस उतरंडीच्या अगदी तळाशी होता, ज्याच्यापर्यंत मदत पोचतच नाही तो. शब्द एकच, माणसं दोन. तिथले लोक अजून त्यावर वाद घालतात. मला वाटतं, वहीत दोघांनाही पान हवं.

देणाऱ्याचं पान भरणं अवघड आहे, पण महाराष्ट्रात त्याचं एक सोपं उदाहरण बहुतेक पगारपत्रकांवर आहे. व्यवसाय कर, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ मध्ये आणला गेला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांनी मांडलेली योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माझा मामा त्या दुष्काळात खटावला खडी फोडायला जायचा आणि म्हणायचा, "त्या खडीने आमची चूल पेटती ठेवली." पुढे मी नोकरीला लागले आणि माझ्या पगारातून तो कर कापला जाऊ लागला. मला तो कधी जड वाटला नाही, कारण कुणाच्या ताटात जातो ते ठाऊक होतं.

२०२० मधले देणारे एवढे स्पष्ट दिसत नाहीत. शोधावे लागतात. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. कच्चं तेल तेव्हा स्वस्त झालं होतं, ती स्वस्ताई पंपापर्यंत पोचली नाही. सहा नंबरच्या मुलाने ऑगस्टमध्ये मोटरसायकलवर पार्सलं पोचवायचं काम धरलं. रोज दोन लिटर पेट्रोल लागायचं. त्याच्या आईच्या पानावर हिरव्यात धान्य आहे, त्याच्या पानावर पेट्रोल लिहिलं आहे. एकाच खोलीत घेणारी आणि देणारा दोघेही.

तुलना कशी करायची, आणि कुठे थांबायचं

"मदत नसती तर काय झालं असतं?" याचं उत्तर कुणाकडेच नसतं. पण दोन सारखी घरं शेजारी ठेवून थोडं दिसतं. सहा आणि अकरा नंबर. दोघींची पाच माणसांची घरं, दोघी एकाच कारखान्यात, दोघींचे नवरे घरी बसलेले, दोघींचं कार्ड केशरी. फरक शिक्क्याचा. सहा नंबरला फुकट धान्य नोव्हेंबरपर्यंत आलं, अकरा नंबरला काही महिन्यांपुरतं स्वस्त धान्य. ऑगस्टच्या मध्यात अकरा नंबरच्या पाटल्या बँकेत गेल्या. सहा नंबरचं सोनं वर्षभर घराबाहेर गेलं नाही. पण मुलगा कमावायला लागल्यावर दोन घरं सारखी राहिली नाहीत, म्हणून माझी तुलना ऑगस्टपाशी थांबते. तुमचीही जिथे घरं वेगळी होतील तिथे थांबवा. दोन घरांवरून राज्याचा निकाल लावू नका. मला त्यातून एवढं मात्र कळलं की माझं जुनं मत चुकीचं होतं. मी गिरणी कामगाराची मुलगी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा वडील विणखात्यात होते. १९४६ च्या कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला बोलणीचा हक्क होता, कामगार दुसऱ्या संघटनेकडे गेले होते आणि सरकार ढिम्म राहिलं. तेव्हापासून सरकार गरिबाच्या घरात काही पोचवत नाही असं मी ठामपणे बोलायची. पंचवीस किलो धान्याने सहा नंबरचं सोनं घरात ठेवलं, हे मला माझ्याच अक्षरात लिहावं लागलं.

दुसरं मत बदललं ते बेकारीबद्दल. कोण बेकार हे मोजायला सुरुवात करण्याआधीच ठरवा, नंतर नाही. अमेरिकेत मंदीत सरकारने लाखो माणसांना रस्ते, शाळा, पूल बांधायच्या कामावर घेतलं. त्यांना कामावर धरायचं की बेकार? अर्थतज्ज्ञ स्टॅन्ली लेबरगॉट यांनी बेकार धरलं, दुसरे अर्थतज्ज्ञ मायकेल डार्बी यांनी १९७६ मध्ये कामावर धरलं. १९३८ या एकाच वर्षाची बेकारी एकाच्या मोजणीत १९ टक्के आणि दुसऱ्याच्या मोजणीत साडेबारा. माझ्याकडे हाच पेच शिलाईवाल्या काकांचा होता. मे २०२० पासून ते मास्क शिवत होते, नगाला दोन रुपयांनी, दिवसाला साठ-सत्तर. आधी मी "काम चालू" असं लिहिलं होतं. मग त्यांची आधीची कमाई विचारली आणि नवीन रकाना केला: "काम आहे, पोट भरत नाही." तो रकाना सुरुवातीलाच हवा होता. तो नसल्यामुळे मला सात खोल्यांमध्ये परत जावं लागलं.

तिथल्याच शेतीच्या योजनेचा एक धडा घेण्यासारखा आहे. पीक कमी घेण्यासाठी सरकारने जमीनमालकांना पैसे दिले, मालकांनी जमीन पडीक ठेवली आणि कुळांना काढलं. पैसा ज्याच्या हातात पडतो आणि ज्याच्या नावाने मंजूर होतो, ती माणसं वेगळी असू शकतात. चौदा नंबरच्या मुलांच्या कारखान्याला हमीचं कर्ज मिळालं होतं, हे मला मालकाच्या हिशेबनिसाकडून कळलं. मुलं तोवर गावी गेलेली होती.

लिहून झाल्यावर

नावं काढून खोली नंबर ठेवा. मग प्रत्येक घराला त्याचं पान वाचून दाखवा, एकट्यात. ज्यांना एखादी ओळ नको असेल ती त्यांच्यासमोर खोडा. तारणाच्या दोन नोंदी मी अशा खोडल्या, सुनेला माहीत नव्हत्या म्हणून. मग मात्र एकत्र बसा. आम्ही २०२२ च्या आषाढात एका रविवारी वरच्या गॅलरीत बसलो, पाऊस होता, पाट आणि चटया टाकल्या होत्या. भांडणारे ते चौघेही आले. एकाच्या पानावर हिरवं जास्त होतं, एकाच्या पानावर नुसतं लाल, आणि एक जण ज्याला मदत म्हणत होता ते सगळं निळं. ते एकमेकांची पानं बघत राहिले, बोलणं बरंच कमी झालं. नऊ नंबरच्या भावांनी विचारलं की पीएफचे बेचाळीस हजार परत भरता येतात का. तसे भरता येत नाहीत. मी त्यांना स्वेच्छेने जास्त कपात करून घेण्याचा अर्ज कसा करायचा ते लिहून दिलं. शिक्क्याचं ऐकून अकरा नंबरच्या वहिनी दुसऱ्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी करून आल्या.

वहीच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत. एक मंडळाच्या कपाटात, एक सात नंबरच्या मुलीकडे. मूळ वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवली आहे, आईच्या १९८२ च्या उधारीच्या वहीशेजारी, कारण पावसात तिथला तेवढाच कोपरा कोरडा राहतो. बाकी पाच खोल्यांपैकी तीन खोल्यांनी आता हो म्हटलं आहे. येत्या बुधवारी दुपारी वीस नंबरला जायचं आहे, त्यांनी पासबुक भरून ठेवलं आहे.